दुसऱ्याच्या खांद्यावरचे चिन्ह

वारसा या शब्दाचा व्यवहारातील अर्थ आणि नीतिविचारातील अर्थ यांत एक अंतर आहे. घर, शेत, दागिना यांच्या बाबतीत ते फारसे जाणवत नाही. वस्तू कोणाची होती आणि कोणाकडे आली एवढे सांगितले की विषय संपतो. परंतु काही वस्तूंचा ताबा वारसाकडे जातो, आणि त्या ज्या गोष्टीची खूण असतात ती गोष्ट मात्र हस्तांतरित होऊच शकत नाही. सैनिकाच्या गणवेशावरील पलटणीचा अथवा डिव्हिजनचा कापडी बिल्ला ही अशा वस्तूंपैकी एक होय. आजोबांचा बिल्ला नातवाच्या कपाटात येतो. आजोबांनी भोगलेली रात्र, पत्करलेली भीती आणि पाळलेली आज्ञा येत नाही. मग नातू जपतो ते नेमके काय? आणि ते जपताना त्याला जो अभिमान वाटतो, तो वाटून घेण्याचा त्याला अधिकार कोणता? वरवर भावनेचा दिसणारा हा प्रश्न मुळात चिन्हाच्या स्वरूपाचा आहे, आणि चिन्हविचाराला आज समीक्षेत जे स्थान आहे ते पाहता त्याची चर्चा समीक्षेच्या भाषेत होणे अप्रस्तुत ठरू नये.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात या प्रश्नाला एक विशेष रूप येते. येथील मराठी वस्तीचा बराच भाग दोन-तीन पिढ्यांपूर्वी कोकणातून आणि घाटावरून आलेला आहे. कोणी थेट आले, कोणी गिरणगावात एक पिढी काढून, १९८२ च्या संपानंतर चाळीतील खोली मागे टाकून आले. रत्नागिरी, रायगड, सातारा, कोल्हापूर हे प्रदेश गिरण्यांना जशी माणसे पुरवीत तशीच पलटणींनाही पुरवीत. गावातच राहिलेल्या घराण्याची सैनिकी परंपरा हे सार्वजनिक ज्ञान असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द जोडला गेला आहे. तेथे घरातील बिल्ला कोणाला दाखवण्याची गरज नाही, कारण गावच बिल्ल्याचे काम करते. डोंबिवलीतील इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचे आजोबा १९४४ साली इटलीत होते, हे समोरच्या दारातल्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही. गावाने, भावकीने आणि पारावरच्या गप्पांनी जे सांभाळले असते ते सारे इथे दोन-तीन इंच कापडाला सांभाळावे लागते. स्थलांतराने वस्तूवरचा भार वाढतो, आणि भार वाढला की वस्तूकडून तिला न पेलणाऱ्या अपेक्षाही केल्या जाऊ लागतात.

बिल्ला आणि पदक यांत गल्लत करू नये. पदक व्यक्तीला मिळते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी जे केले त्यासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळाला, त्यांच्या तुकडीला नव्हे. हिंदी सैनिकांना मिळालेल्या साध्या मोहीमपदकांच्या कडेवरही क्रमांक आणि नाव कोरलेले असे. बिल्ल्यावर नाव नसते. तो पराक्रमासाठी दिला जात नाही. तो कोठीतून मिळतो, आणि शूराला मिळतो तसाच आचाऱ्याला, खेचरवाल्याला, कारकुनालाही मिळतो. इतकेच नव्हे, डिव्हिजनच्या चिन्हाची कल्पनाच मुळी लपवण्यातून निघालेली आहे. पहिल्या महायुद्धात वाहनांवर आणि सामानावर डिव्हिजनचे नाव लिहिणे धोक्याचे ठरू लागले तेव्हा नावाच्या जागी चित्र आले: आपल्या माणसाला ओळखू यावे, शत्रूला कळू नये. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा काळ्या पार्श्वभूमीवरील लाल गोळा, आठवीची तीन पिवळी फुले ही सारी या जातीची चित्रे. गुप्त हालचाल करायची असली की ती उतरवण्याचे हुकूम निघत. म्हणजे जे चिन्ह आज दिवाणखान्यात चौकटीत लावून पाहुण्यांना दाखवले जाते, ते जन्मतः परक्याला न कळण्यासाठी योजलेले होते.

आपल्या काव्यशास्त्राने या व्यवहाराचा विचार वेगळ्या निमित्ताने केलेला आहे. भाले आत शिरत आहेत असे म्हटले असता भाले धारण करणारी माणसे आत शिरत आहेत असा अर्थ घ्यावा लागतो. लक्षणेच्या चर्चेतील हे नेहमीचे उदाहरण. यातील मौज अशी की भाला आपला अर्थ टाकून देत नाही. तो स्वतःही आत जातो आणि माणसालाही आत नेतो. म्हणून हिला उपादान लक्षणा म्हणतात. सैन्यातील बिल्ला नेमके हेच करतो, मात्र त्याची दिशा ठरलेली असते. लाल गरुड पुढे सरकला असे युद्धवृत्तात लिहिले की हजारो माणसे एका पक्ष्यात सामावली जातात. माणसाचे माणूसपण चिन्हात विलीन करणे हे सैनिकी लक्षणेचे प्रयोजन होय.

वारशात ही दिशा उलटते. घरातल्या पेटीत आलेला गरुड आता हजारो माणसांचा वाचक राहत नाही; तो एका माणसाचा, त्याच्या दम्याचा, पहाटे चार वाजता उठण्याच्या सवयीचा, ताटात काही न टाकण्याच्या हट्टाचा वाचक होतो. ज्या कापडाने एका शेतकऱ्याच्या मुलाला कोणीही एक बनवले होते, तेच कापड घरी आल्यावर साऱ्या डिव्हिजनला 'आमचे आजोबा' बनवते. सामान्याकडून विशेषाकडे होणारा हा प्रवास चिन्हशास्त्राच्या दृष्टीने चूक म्हणता येईल, कारण बिल्ला तसे काही सांगतच नाही. परंतु वारशाने आलेल्या वस्तूंचा अर्थ नेहमी असाच चुकून लागतो, आणि ही चूक टाळावी असे म्हणणे म्हणजे माणसांनी आपल्या मेलेल्या माणसांवर प्रेम करू नये असे म्हणण्यासारखे आहे. प्रश्न या चुकीचा नाही. तिच्या आडून पुढे सरकवल्या जाणाऱ्या दाव्याचा आहे.

तो दावा तपासण्यासाठी धर्मशास्त्रातील दायविचाराचा उपयोग होतो. नारदस्मृतीत वाटणी न होणाऱ्या धनाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत विद्याधन आणि भार्याधन यांच्या बरोबरीने शौर्यधन येते. पराक्रमाने मिळवलेले ते मिळवणाऱ्याचे. एकत्र कुटुंबातील भावांचा त्यावर हक्क नाही. (विद्याधनाचा प्रश्न इंग्रजी न्यायालयांत किती चिघळला आणि त्यासाठी बॅ. मुकुंदराव जयकर यांना कायदेमंडळात विधेयक आणून १९३० चा कायदा कसा करवून घ्यावा लागला, हा एक वेगळाच मनोरंजक विषय आहे. शौर्यधनाच्या वाट्याला असा कोणी कैवारी आला नाही. बहुधा त्यातून वाटण्याजोगे फारसे काही उरत नसावे.) ते धन त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर मात्र इतर संपत्तीसारखेच वारसांकडे जाते. शास्त्रकारांच्या लेखी शौर्य आणि शौर्यधन या दोन गोष्टी आहेत, आणि वारसा दुसऱ्या गोष्टीचाच. हा भेद इतका उघड आहे की तो सांगावा लागू नये. पण 'आमचे घराणे लढवय्यांचे' हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारले जाते ते पाहता तो सांगणे भाग आहे.

तथापि स्मृतिनिबंधांतच या नियमाला एक अपवाद सापडतो, आणि या प्रश्नाचा खरा गाभा त्या अपवादात आहे. कुटुंबाचे समाईक वाहन किंवा समाईक शस्त्र वापरून कोणी पराक्रमाने धन मिळवले असेल तर त्यात भावांनाही वाटा द्यावा; मिळवणाऱ्याला दोन भाग, इतरांना एकेक. म्हणजे शौर्य एकट्याचे असले तरी ते ज्या साधनांवर उभे राहिले ती सर्वांची असू शकतात, हे शास्त्राने मान्य केले. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या मराठी सैनिकाचे शस्त्र सरकारी, वाहन सरकारी, कपडेही सरकारी. त्या अर्थी समाईक असे काही नव्हते. परंतु तो जाऊ शकला, कारण मागे कोणीतरी नांगर धरला, कोणीतरी म्हाताऱ्यांना पाहिले, कोणीतरी मनीऑर्डर येईपर्यंत सावकाराला थोपवून धरले. त्या कोणीतरीमध्ये बहुतेक वेळा त्याची बायको होती. चार-चार वर्षे पत्र येते आहे म्हणजे माणूस आहे, एवढ्या एका अनुमानावर ती जगली. याला समाईक वाहन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आणि बिल्ला नातवापर्यंत पोहोचतो तोही बहुधा तिच्याच हातून. सैनिक स्वतः अशा वस्तूंविषयी बेफिकीर असतो. बंडी फाटली की तिच्यावरचा बिल्ला पोतेऱ्यात जायचा तो तिने काढून घेतलेला असतो, डांबरगोळी घालून पातळाच्या घडीत ठेवलेला असतो. गावाहून परळला, परळहून कल्याणला ट्रंक हलली तेव्हा काय टाकायचे आणि काय न्यायचे हे तिने ठरवले. वारशाच्या कथेत मात्र ती नसते. कथा आजोबांकडून सरळ नातवाकडे उडी मारते. वारसाला खरोखर काही हक्क सांगायचा असेल तर तो या समाईक भागाचा सांगता येईल: रणांगणावरील शौर्याचा नव्हे, तर त्या शौर्याची किंमत ज्या घराने भरली त्या घराचा. हा हक्क लहान आहे, पण खरा आहे. त्याने मिशीला पीळ देता येत नाही, एवढीच त्याची अडचण. आणि तो मान्य केला तर बिल्ला कोणाकडे राहावा या प्रश्नाचे उत्तरही बदलते. जमिनीच्या आणि जागेच्या वाटणीपत्रात बिल्ल्याचा उल्लेख नसतो, कारण त्याला किंमत नाही. तो थोरल्या मुलाकडे जाणार हे गृहीत धरले जाते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला सहदायादाचा दर्जा दिला, त्यानंतरही या गृहीतात फारसा फरक पडलेला दिसत नाही. जी वस्तू आईने राखली ती मुलीकडे का जाऊ नये, हा प्रश्न कायद्याने विचारण्याजोगा नाही, म्हणूनच तो घराने विचारायला हवा.

अभिमानाच्या मीमांसेत ह्यूमने 'मानवी स्वभावावरील प्रबंधा'त (१७३९-४०) एक उपयुक्त भेद केला आहे. अभिमानाचे कारण काहीही असू शकते, सुंदर घर, पूर्वज, आपल्या गावची हवासुद्धा; पण अभिमानाचा विषय मात्र नेहमी 'मी' असतो. कारणाचे 'मी'शी काही नाते असले की अभिमान उपजतो. ह्यूम हे मानसशास्त्र म्हणून सांगतो, समर्थन म्हणून नव्हे. त्याच्या विवेचनाचा येथे अर्थ असा की आजोबांच्या बिल्ल्याचा अभिमान हा आजोबांविषयी नसतोच. तो नातवाविषयी असतो, आजोबा केवळ कारण असतात. हे कटू असले तरी खोटे नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत या कटू सत्याला एका रूढीने आवर घातला आहे: स्वतःची पदके डाव्या छातीवर लावायची, दिवंगत आप्ताची स्मरणदिनी लावायची तर उजव्या छातीवर. डावे आणि उजवे एवढ्या भेदाने वाक्याचा कर्ता बदलतो. उजव्या बाजूचे पदक 'मी' म्हणत नाही, 'ते' म्हणते. चिन्हव्यवस्थेत नीती कशी गुंतलेली असते याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. सैनिक नसलेल्याने सैनिकाचा वेष वा चिन्ह धारण करणे याला भारतीय दंड संहितेच्या १४० व्या कलमात शिक्षा होती आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण दोन्हीकडे अपराध घडतो तो आपण सैनिक आहोत असे इतरांना वाटावे या हेतूने. कापड निर्दोष आहे, दोष प्रथमपुरुषाचा आहे. खरा पेच असा की जो वारस बिल्ला कधीच अंगावर लावत नाही, तोही बोलण्यात तो सतत डाव्या छातीवर लावून असू शकतो.

येथवरचा विचार बिल्ला स्वच्छ आहे असे धरून झाला. तसा तो नाही. तो साम्राज्याच्या सैन्याचा आहे. रोलाँ बार्थ यांनी 'मायथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथात 'पॅरी-माच' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचे जे विश्लेषण केले ते समीक्षेच्या वाचकाला परिचित आहे: फ्रेंच गणवेशातील एक कृष्णवर्णी तरुण सलाम करतो आहे, आणि त्या चित्रातून साम्राज्य सर्वांचे आहे असा दुसरा अर्थ पाझरतो. त्या अर्थाला वाव मिळावा म्हणून तरुणाचे स्वतःचे चरित्र चित्रातून काढून घेतलेले असते. मराठी सैनिकाच्या खांद्यावरचे चिन्हही हेच सांगत होते. तो का भरती झाला, दुष्काळ होता की कर्ज, भावकीतले भांडण की तालुक्याला आलेल्या भरती अधिकाऱ्याच्या तोंडची पगाराची रक्कम, हे चिन्हाला नको असते. येथे वारस एक काम करू शकतो, जे बार्थच्या साप्ताहिकाचा वाचक करू शकत नव्हता. त्याला ते चरित्र ठाऊक असते, किंवा अजून विचारून घेता येते. रिकाम्या केलेल्या रूपात माणूस परत भरणे हे त्याच्या हाती आहे. पण बहुतेक घरांत नेमके उलट घडते: कर्ज आणि दुष्काळ गाळले जातात, 'देशासाठी लढले' हे वाक्य घातले जाते, आणि १९४१ साली देश कोणाचा होता हा प्रश्न विचारणारा नातू उद्धट ठरतो.

हा प्रश्न या प्रदेशाने तरी टाळू नये. कल्याणशेजारी युद्धकाळात लष्कराचा मोठा तळ होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ठाण्याजवळ कोलशेतला 'अकबर' हे शाही हिंदी नौदलाचे किनाऱ्यावरील केंद्र होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार'वर खलाशांचा संप सुरू झाला आणि तो 'अकबर'पर्यंत आला. ज्यांच्या टोपीच्या फितीवर सम्राटाच्या जहाजाची अक्षरे होती त्यांनीच त्या सम्राटाचे निशाण उतरवले. एकाच वर्षी, एकाच खाडीच्या आसपास, इटलीहून परतणारा सैनिक आणि संपावर गेलेला खलाशी असे दोघे होते. दोघांचेही वारस आज कदाचित एकाच लोकलने जातात. एकाची खूण चौकटीत आहे. दुसऱ्याला नोकरीतून काढले गेले तेव्हा त्याच्यापाशी खूण अशी उरली की नाही, हा ज्याचा त्याचा योग. आणि तिसराही वारस आहे. कल्याणजवळ नेवाळीला युद्धासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली गेली. त्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे आंदोलन चालू राहिले, आणि जून २०१७ मध्ये त्याला हिंसक वळण लागले. त्याच युद्धाचा वारसा त्यांच्याकडे सातबाऱ्यावरील गैरहजेरीच्या रूपाने आला. बिल्ल्याचा वारसा मिरवणाऱ्याला या वारशाविषयी काहीच वाटू नये, हे कसे समजून घ्यायचे?

यावर एक सोपे उत्तर सुचते: साम्राज्याचे चिन्ह साम्राज्याबरोबर टाकून द्यावे. हे उत्तर किती अपुरे आहे हे महार रेजिमेंटच्या बिल्ल्याच्या इतिहासावरून दिसते. कोरेगाव भीमा येथील स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरली, त्यांत बावीस नावे 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. पुढे त्याच सरकारने महारांची भरती बंद केली. तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्यांतून मांडलेला युक्तिवाद हा होता की आमच्या पूर्वजांचे शौर्य तुमच्याच दप्तरी नोंदलेले आहे. पहिल्या महायुद्धात एक महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच काही वर्षांत मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावला गेले. स्वतः सुभेदाराचा मुलगा असलेल्या आंबेडकरांना सैन्यातील नोकरीने एका समाजाला शिक्षण, निवृत्तिवेतन आणि ताठ मान कशी दिली हे घरातूनच ठाऊक होते. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. आज त्या जागी यंत्रबंदुकांची जोडी आणि कट्यार आहे.

या इतिहासात चिन्ह देणाऱ्याचा हेतू एक आणि वारसांनी केलेला उपयोग अगदी दुसरा आहे. स्तंभ म्हणत होता, कंपनी जिंकली. वारसांनी त्यातून वाचले, आम्ही माणसे आहोत आणि हे आम्ही सिद्ध करून झालो आहोत. हा अन्वयार्थ मूळ संहितेत नव्हता, म्हणून तो खोटा आहे काय? तसे म्हणता येत नाही, कारण त्यावरची नावे खरी होती, आणि त्या नावांना त्यांच्या हयातीत जे नाकारले गेले तेच वारस मागत होते. खोटा अभिमान आणि न्याय्य अभिमान यांतील सीमारेषा इथे स्पष्ट होते. पूर्वजाच्या खुणेवरून स्वतःसाठी इतरांहून वरची जागा मागणे वेगळे, आणि त्याच खुणेवरून इतरांच्या बरोबरीची जागा मागणे वेगळे. दोन्ही मागण्या वारसा हा एकच शब्द वापरतात. ज्याला समाजात वरची जागा आधीच मिळालेली आहे त्याने दुसऱ्याच्या मागणीला भूतकाळात रमणे म्हणावे, यात विचारापेक्षा सोय अधिक आहे. स्वतंत्र भारताच्या सैन्याने स्तंभ उतरवला यामागे पेशवाईचा पराभव मिरवला जाऊ नये ही भावना असेल तर ती समजण्यासारखी आहे. पण बिल्ल्यावरून गेलेला स्तंभ लोकांच्या मनातून गेला नाही, यावरून चिन्हाची मालकी कोठीकडे नसते एवढे तरी मान्य करावे लागेल.

चिन्हाचा वारसा घ्यायचा तर तो किती घ्यायचा, हाही प्रश्न आहे. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड १९४१ मध्ये केरेनला होता आणि १९४४ मध्ये कॅसिनोला. घरातल्या कथांत ही नावे येतात. पण त्याच डिव्हिजनच्या अकराव्या ब्रिगेडमधील मराठ्यांची दुसरी बटालियन तोब्रुकच्या तटबंदीवर होती आणि २१ जून १९४२ रोजी ते ठाणे पडले तेव्हा युद्धकैदी झाली. त्या कैद्यांच्या घरी कोणती कथा सांगितली गेली असेल? स्वातंत्र्यानंतर गरुड भारतीय सैन्यात राहिला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चूवर आणि पुढच्या महिन्यात से ला व बोमडिला येथे जी डिव्हिजन कोसळली ती हीच; आणि सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरला पाकिस्तानी रणगाडे ज्यांनी रोखले तेही याच चिन्हाखाली. केरेन आणि असल उत्तर ठेवून तोब्रुक आणि से ला वगळणारा वारस चिन्ह जपत नसतो, त्याची कात्रणे करत असतो. जुन्या हिंदू कायद्यात बापाची मिळकत घेणाऱ्या मुलावर बापाचे ऋण फेडण्याचे पवित्र कर्तव्य होते, आणि त्याला एकच सूट होती: जुगार, मद्य अशा अव्यावहारिक, म्हणजे अनैतिक कारणांसाठी काढलेले ऋण त्याने फेडू नये. २००५ नंतरच्या ऋणांपुरते हे तत्त्व कायद्याने रद्द केले. नीतिविचारात ते अजून कामाचे आहे. पराभव हे व्यावहारिक ऋण आहे. ते नाकारता येत नाही. साम्राज्याने परक्या देशांत आणि इथल्या शेतांत जे केले ते अव्यावहारिक ऋण म्हणून नाकारता येईल, आणि आजोबांनी ते काढले नव्हते हेही म्हणता येईल. पण ऋण नाकारणाऱ्याला ते होते हे आधी कबूल करावे लागते.

ठाणे ही शिलाहारांची राजधानी. त्यांच्या राज्यातील एकसर येथील वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, खाली युद्ध आणि वर कैलास. मरणाऱ्यांची नावे कोणाला सांगता येत नाहीत. महाराष्ट्रभर असे कितीतरी वीरगळ गावाच्या वेशीवर शेंदूर लावून उभे आहेत. गावकरी त्यांना देव समजतात, देव्हाऱ्यात टाकाच्या रूपाने बसलेला वीर कोणाशी लढला हे घरातल्यांना ठाऊक नसते, आणि तरी खंडेनवमीला किंवा होळीला त्याची आठवण होते. स्मृती गेल्यावर पूजा उरते. घरातल्या बिल्ल्याचीही ही अवस्था तिसऱ्या-चौथ्या पिढीत येऊ लागलेली आहे. इमारत पुनर्विकासाला जाते, दोन वर्षांसाठी भाड्याच्या जागेत सामान हलते, पेटी उघडते, आणि त्यातले लाल-काळे कापड कशाचे आहे हे सांगू शकणारे माणूस घरात उरलेले नसते. तो बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या संग्रहालयात दिला तर तेथे त्याचे मूळचे वाचन त्याला परत मिळेल. तो पुन्हा डिव्हिजनचा होईल, वर्ष आणि मोहीम यांच्या पाटीखाली नीट लागेल, आणि ज्या माणसाचा तो होता तो माणूस त्यातून निघून जाईल. घरी ठेवला तर माणूस राहील आणि डिव्हिजन जाईल. काही घरांत यावर उपाय म्हणून बिल्ल्याबरोबर एक चिठ्ठी ठेवण्याची पद्धत आहे. तीवर सहसा नाव, हुद्दा आणि पलटण लिहिलेली असते. भरती झाला त्या वर्षी पाऊस किती झाला होता, सावकाराचे किती देणे होते, तो कोठे कैदेत होता, आणि हे कापड चाळीस वर्षे कोणाच्या पातळाच्या घडीत होते, हे लिहायला चिठ्ठीच्या मागच्या बाजूला जागा असते.